हनीफचा चौथा प्रश्न

नांदेड, बुधवार, ९ जुलै २०२५

श्री. हनीफ सर,

सलाम लिहितो आणि नमस्कारही लिहितो, त्यातला जो घ्यावासा वाटेल तो घ्या. दोन वर्षांत तुमच्या नावाचं पाकीट लिहिलं नव्हतं, पण पत्ता शोधावा लागला नाही. हात आपोआप लातूरच्या त्या गल्लीत गेला.

काल तुमची नात मनतशा आमच्या ऑफिसात मुलाखतीला येऊन गेली. मी तिला दारात ओळखलंच नाही. शहजादीभाभींच्या कडेवर बसून गॅदरिंगला आलेली, माझा चष्मा ओढणारी पोर आता बी.कॉम. होऊन, फाइल छातीशी धरून उभी होती. रामकिशननं तिला अर्धा तास प्रश्न विचारले. रामकिशन म्हणजे आपल्या शाळेतला एकतीस नंबर, शेवटच्या बाकावरचा, ज्याला एकही कविता पाठ झाली नाही तो. आता या कन्सल्टन्सीचा मालक आहे आणि माझाही. बाहेर येऊन म्हणाला, 'गुरुजी, पोरगी आकड्याला पक्की हाय. हनीफ सरांचं रक्त.' एक ऑगस्टपासून तिला घ्यायचं ठरलंय. तीन महिने नांदेडात शिकायचं, मग लातूरला नवी शाखा उघडतेय तिथं बसायचं.

मग ती माझ्या टेबलाशी आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली की दादा, म्हणजे तुम्ही, हो म्हणत नाहीत. तुमची अट तिनं जशीच्या तशी सांगितली: 'आप्पाला म्हणावं, त्या धंद्यातलं चांगलं-वाईट मला कागदावर लिहून पाठव. तोंडानं तो वाहवत जातो. कागदावर त्याला खोटं लिहिता येत न्हाई.'

सव्वीस वर्षं एका शाळेत काढल्यावर माणसाबद्दल एवढं कळतंच. म्हणून लिहायला बसलो.

ऑफिस वजिराबादेत, दुसऱ्या मजल्यावर आहे. माझं टेबल खिडकीशी, खिडकीत कडुनिंबाची एक फांदी. कंधारच्या आपल्या शिक्षकखोलीच्या खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसायचा, तेवढी काही ऐट नाही, पण दुपारी ऊन त्या फांदीतून टेबलावर हलतं तेव्हा मला उगीच सातवा तास सुरू असल्यासारखं वाटतं. माझं काम बोलण्याचं. लोक येतात; कुणाला विमा काढायचा असतो, कुणाला म्युच्युअल फंड, कुणाला कर्जाची फाइल, कुणाचं पेन्शन अडकलेलं. अर्ज इंग्रजीत. मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवतो. रामकिशनच्या भाषेत मी 'सीनियर सल्लागार'. घरी सिंधूच्या भाषेत मी अजून शाळेतच जातो, फक्त डबा मोठा झालाय.

चांगलं म्हणाल तर पुष्कळ आहे. पगार एक तारखेला होतो. उन्हाळ्यात गारवा असतो. मुलींना कुणी वाकडा शब्द बोलत नाही, ते मी स्वतः पाहतो. ज्योत्स्ना नावाची मुलगी संगणकावर बसते, तिला रामकिशननं परीक्षेसाठी महिनाभर सुट्टी दिली, पगार न कापता. आणि माणसं भेटतात. गेल्या वर्षी इस्लापूरची शिवकांता आली होती. नवरा एस.टी.त कंडक्टर, अचानक गेला. त्यानं काढलेल्या विम्याचा तिला पत्ताही नव्हता. पत्र्याच्या पेटीत एक जुनी पावती सापडली म्हणून ती घेऊन आली. चार महिने आम्ही पत्रं लिहिली आणि पैसे मंजूर झाले. मंजुरीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, 'अजून एक डाव वाचा.' तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ती रकमेसाठी ऐकत नव्हती. पत्रात नवऱ्याचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. ते नाव असं आदरानं घेतलेलं तिला ऐकायचं होतं.

अशा दिवशी मी पायी घरी येतो.

मनतशाच्या राहण्याची काळजी नको. सिंधूनं वरची खोली झाडून ठेवली आहे. तुम्ही हो म्हणाल की नाही हे ठरायच्या आधीच.

आपला,
बसलिंगप्पा


नांदेड, बुधवार, १६ जुलै २०२५

हनीफ,

मनतशाचा फोन आला. तू पत्र दोनदा वाचलंस, चष्मा पुसलास आणि म्हणालास, 'हे तर माहितीपत्रक झालं. मागची बाजू कोरी सोडली त्यानं.' हे ऐकलं आणि तुला 'तुम्ही' लिहिण्यात काही राम उरला नाही. माझ्या निबंधाच्या वह्या तपासायला मागायचास आणि समासात बारीक अक्षरात 'वजन किती? लांबी किती?' लिहायचास तो तूच हा.

तर मागची बाजू.

मार्च महिना वाईट. त्या महिन्यात रविवार नसतो. भिंतीवर एक पांढरा फळा आहे, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढं टार्गेट. खडूचा फळा पुसला की धूळ तरी उडायची, हा पुसला की काहीच होत नाही, दुसरा आकडा येतो. बाजार पडला की फोन सुरू होतात. पाडला दुसऱ्यांनीच, पण शिव्या ऐकायला आपण. एकदा एक निवृत्त तलाठी मला तासभर बोलला. शेवटी दमला, पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, 'उद्या येतो, अजून बोलायचं राहिलं.' आलाही.

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचं ताट रिकामं राहतं. लोकांना वाटतं, भाताबरोबर हा पॉलिसी वाढणार. पूर्वी बसस्टँडवर मला पाहून लोक रस्ता ओलांडून यायचे, 'गुरुजी, ती नदीची कविता म्हणा ना' म्हणायचे. आता तीच माणसं रस्ता ओलांडतात, पण पलीकडं.

आणि डोळा बिघडतो. नवा माणूस दारातून आला की आधी त्याची चप्पल दिसते, मग मनगटावरचं घड्याळ, मग तो. मला हे पहिल्या वर्षी कळलं आणि मी घाबरलो होतो. हल्ली मी मुद्दाम आधी चेहरा पाहतो, सक्तीनं, पाढे पाठ करावेत तसा. मनतशाला मी हे पहिल्याच दिवशी सांगेन.

तुला आपल्या वर्गांमधली ती लाकडी भिंत आठवते का? फळकुटांची, मधे बोटभर फट. इकडं माझा कवितेचा तास, तिकडं तुझं गणित. माझ्या पोरांनी चाल धरली की तुझी पोरं एकोणतीसचा पाढा त्याच चालीत म्हणायची. मुख्याध्यापक तुझ्यावर रागावले तर तू म्हणालास, 'साहेब, चालीत का होईना, बरोबर म्हणून राहिलेत.' आणि मग माझ्या वर्गात येऊन, माझ्याच पोरांसमोर, एकाला उभं केलंस: 'मघाशी म्हणलास त्या कवितेत पाखरू का परत येत न्हाई? अर्थ सांग.' त्याला सांगता आला नाही. दुसऱ्याला नाही. तू माझ्याकडं पाहिलंस, आणि मी आठवडाभर तुझ्याशी चहा प्यायलो नाही.

ती पोरं गोड म्हणत होती रे. फार गोड.

राहिला तो कंधारचा मेळावा. त्याबद्दल काय लिहायचं. सगळेच उत्साहात होते. जे झालं ते तुला माहीतच आहे.

शहजादीभाभींचा गुडघा कसा आहे? सिंधू विचारते.

बसलिंगप्पा


नांदेड, मंगळवार, २२ जुलै २०२५

हनीफ,

तुझा निरोप मिळाला. एवढाच: 'पोरीला दहा दिवसांत काय ते सांगायचंय. त्याला एकच विचार. त्या दिवशी त्याला स्वतःला ती योजना समजली होती का?'

मनतशानं तो फोनवर सांगितला. तिला माहीत नव्हतं कुठला दिवस, कुठली योजना. मी म्हणालो, 'बेटा, मी लिहून पाठवतो. टाकण्याआधी तुला वाचून दाखवतो.' तिला हे सगळं वाचून दाखवणार आहे, मग पेटीत टाकणार.

नाही. समजली नव्हती.

आता सगळं क्रमानं लिहितो. जानेवारी २०२२. मला ऑफिसात लागून चारच महिने झाले होते. रामकिशनच्या डोक्यातून मेळावा निघाला. कंधारचं मंगल कार्यालय, आपले माजी विद्यार्थी, जेवण, आणि शेवटी नव्या विमा योजनेची माहिती. मला कंपनीचं चार पानी माहितीपत्रक दिलं. त्यातल्या आकड्यांचा अर्थ विचारायला मला लाज वाटली, कारण समोर एकतीस नंबर बसला होता. एकतीस नंबरला मी विचारू? म्हणून मी मला येत होतं ते केलं. पाठ केलं. आठ दिवस सकाळी गोदावरीच्या घाटावर चालता चालता चार पानं पाठ केली. त्यातली वाक्यं रुक्ष होती, ती जरा घासली, पुसली, आपल्या सहावीच्या जुन्या कवितेची चाल मनात ठेवून म्हणायची सवय केली. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. निवृत्तीनंतर पहिल्यांदा जीभ कामी येत होती.

रामकिशननं दोनदा विचारलं, 'हनीफ सरांना सांगितलं ना कार्यक्रम कशाचा हाय?' मी दोनदा म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. तुला म्हणालो, पोरं आपला सत्कार करतायत, ये. हे विसरणं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू आकडे विचारले असतेस, आणि माझ्याकडं फक्त चाल होती.

पुढचं तू पाहिलंस. मी हजेरीपट न बघता बासष्ट नावं नंबरासकट घेतली. पन्नाशीला आलेली माणसं उभी राहून 'हजर गुरुजी' म्हणाली, काहींचे डोळे भरले. तू उजवीकडच्या खुर्चीत शाल आणि नारळ घेऊन बसला होतास. मग मी ती चार पानं म्हटली. मधे एकदा तुझ्याकडं पाहिलं, तू भुवया आवळल्या होत्यास. मी नजर काढून घेतली. त्या दिवशी तेवीस जणांनी सह्या केल्या. मी बोट ठेवलं तिथं केल्या, जशी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणा म्हटलं की आणायचे तशी. त्याबद्दल मला लातूरच्या एका हॉटेलात ढाल मिळाली. पहिल्या पत्रात ती लिहिली नाही. ती कपाटावर आहे, सिंधू तिच्या आड तिखटाचा डबा ठेवते.

बारा नंबर, बजरंग. आचारी. त्यानं दरसाल लाखाचा हप्ता घेतला. पहिला लाख रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातला. दहा वर्षं मोडायची नाही अशी योजना, आणि त्याच्या मुलीला, शिल्पाला, दीड वर्षात नर्सिंगला पाठवायचं होतं. हे त्यानं मला त्या दिवशी जेवताना सांगितलं होतं. मी म्हणालो, छान. २०२३च्या जूनमध्ये मोडायला आला तेव्हा दोन लाखांचे साठ हजार हाती आले. शिल्पाचं त्या वर्षीचं ॲडमिशन हुकलं.

माझ्यावर तो रागावला नाही. 'गुरुजी, तुमची काय चूक, माझंच नशीब,' म्हणाला. तुझ्याकडं लातूरला आला तो भांडायला नाही, काही वाट दिसते का विचारायला. आणि बोलता बोलता, काही मनात नसताना, म्हणून गेला, 'सर, तुम्ही बी व्हता की स्टेजवर.'

दुसऱ्या दिवशी तू आमच्या दारात उभा होतास. सिंधूनं पाणी आणलं ते घेतलं नाहीस. 'आप्पा,' म्हणालास, 'तू माझ्या तोंडानं बी बोललास. मी तर तोंड उघडलं नव्हतं.' आणि जिना उतरून गेलास. मी गॅलरीतून पाहत होतो. रिक्षा मिळेपर्यंत तू उन्हात उभा होतास, आणि मला खाली येता आलं नाही.

या धंद्यातलं वाईट विचारलंस ना? मार्च नाही, फळा नाही, शिव्या नाहीत. ते कुठल्याही नोकरीत असतं. वाईट हे की लोक तुझं ऐकतात. त्यांना कागद कळत नाही, तू कळतोस. आणि आपल्याकडं मास्तराला कुणी नाही म्हणत नाही.

तू गेल्यावर मी बजरंगकडं गेलो. तो लग्नाच्या मांडवामागं कढईपुढं होता. मी त्याला सरळ सांगितलं की मला स्वतःला ते समजलं नव्हतं. त्यानं झारा बाजूला ठेवला आणि म्हणाला, 'गुरुजी, तुम्ही म्हणून राहिले होते तवा इतकं ग्वाड वाटलं, मी आकडा ऐकलाच न्हाई.'

हनीफ, माझ्या आयुष्यात माझ्या पाठांतराची इतकी खरी परीक्षा कुणी केली नाही. तुझ्याशिवाय.

त्यानंतर मी ज्योत्स्नापाशी बसून शिकलो. शेकडा, चक्रवाढ, मुदत, मोडल्यावर काय. दोन महिने लागले. उरलेल्या बावीस जणांकडं एकेक करून गेलो, कुणी निलंग्याला, कुणी कंधारला, एक थेट किनवटला. चौदा जणांना ती योजना खरंच सोयीची होती. आठ जणांना नव्हती, त्यांचं जेवढं सावरता आलं तेवढं सावरलं. बजरंगचं सावरलं नाही. शिल्पा वर्षभर उशिरा लागली, आता तुमच्या लातूरलाच दुसऱ्या वर्षाला आहे. ते वर्ष तिचं गेलंच.

आणि मी एक नियम केला. माझ्या टेबलावर सही करायच्या आधी समोरच्यानं योजनेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायचा. माझे शब्द चालणार नाहीत. सांगता आला नाही तर सही नाही, पुढच्या आठवड्यात या. रामकिशन वैतागला. 'गुरुजी, तुमच्या परीक्षेत गिऱ्हाईक नापास होऊन राहिलेत.' पहिल्या मार्चमध्ये फळ्यावर माझं नाव सगळ्यांत खाली होतं. तो मला काढेल असं वाटलं. मग वर्षअखेरीला त्याच्या लक्षात आलं की माझ्या टेबलावरची एकही पॉलिसी मधे बंद पडली नाही. हल्ली तो नव्या पोरांना माझ्या शेजारी बसवतो. एकतीस नंबरला उशिरा का होईना, अर्थ कळला.

परवाच देगलूरकडच्या दानम्मा आल्या होत्या. सत्तरीच्या, डोक्यावर पदर, चार एकर जमीन स्वतःच्या नावावर. दुसऱ्या कुणीतरी त्यांना तसलीच दहा वर्षांची योजना सांगितली होती. मी सगळं समजावलं आणि म्हणालो, 'आता तुम्ही सांगा.' त्या म्हणाल्या, 'म्हंजे रांजणाला झाकण घालायचं, आन् दहा वरसं उघडायचं न्हाई. अरे मास्तरा, मला तर रोज पाणी लागतंय.' आणि कागद माझ्याकडं सरकवला. असा अर्थ मला शंभर वर्षांत सांगता आला नसता. त्यांचे पैसे पोस्टात गेले, ऑफिसला एक रुपया मिळाला नाही, आणि मी त्या दिवशीही पायी घरी आलो.

हे एवढंच चांगलं आहे बघ या नोकरीत. पण ते रोज थोडं थोडं असतं.

मनतशाला पाठवायचं की नाही ते तू ठरव. माझ्याकडं बघून ठरवू नकोस.

आप्पा

(मनतशाला वाचून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, 'आप्पासर, दादांनी मला हे कधीच सांगितलं नाही.' बघ, माझी अब्रू तू दोन वर्षं घरातसुद्धा झाकून ठेवलीस.)


नांदेड, सोमवार, २८ जुलै २०२५

हनीफ,

तुझं पाकीट आज आलं. आत पत्र नाही, 'प्रिय' नाही, खाली सही नाही. चौकटीच्या वहीतलं एक पान आणि त्यावर तुझ्या त्या खिळ्यासारख्या अक्षरात चार प्रश्न. सिंधू म्हणाली, 'काय म्हणतात भाऊजी?' मी पान तिला दाखवलं. ती हसत सुटली. 'बसा आता पेपर सोडवत.'

बसलो. दुपारभर बसलो. प्रश्न पुन्हा उतरवून काढतो आणि उत्तरं लिहितो, तू सांगितल्याप्रमाणे रीत दाखवून.

प्रश्न पहिला. एक माणूस दरसाल एक लाख याप्रमाणे दोन हप्ते भरतो आणि योजना मोडतो. भरलेल्यातले शेकडा तीस परत मिळतात. किती बुडाले?

उत्तर: भरले दोन लाख. शेकडा तीसप्रमाणे मिळाले साठ हजार. बुडाले एक लाख चाळीस हजार.

प्रश्न दुसरा. तेच हप्ते त्यानं शेकडा सात सरळ व्याजानं ठेवले असते, तर पहिला हप्ता भरल्यापासून दोन वर्षांनी किती झाले असते?

उत्तर: दोन लाखांचं एका वर्षाचं व्याज चौदा हजार. दोन वर्षांचं अठ्ठावीस हजार. एकूण दोन लाख अठ्ठावीस हजार.

प्रश्न तिसरा. हाती आले ते आणि येऊ शकले असते ते, यांतला फरक?

उत्तर: दोन लाख अठ्ठावीस हजार वजा साठ हजार. एक लाख अडुसष्ट हजार.

प्रश्न चौथा. या माणसाला स्टेजवर दोन मास्तर दिसत होते. दोघांचा हिस्सा काढा.

हा प्रश्न वाचून मी गॅलरीत जाऊन आलो. कडुनिंब आमच्या घरापाशी नाही, नाहीतर त्याच्याकडं बघत बसलो असतो. परत येऊन लिहिलं.

उत्तर: पहिल्या मास्तरचा हिस्सा पूर्ण. दुसऱ्या मास्तरला फसवून बसवलं होतं, म्हणून त्याचा शून्य.

पान याच पाकिटात परत पाठवतो. तपासून दे. आणि पोरीचं काय ते कळव. गुरुवार उलटला की रामकिशन दुसऱ्या मुलीला बोलावणार आहे. मी त्याला थांब म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. यापुढं तुझ्या नावावर काही मागायचं नाही असं ठरवलंय.

आप्पा


नांदेड, रविवार, ३ ऑगस्ट २०२५

हनीफ,

गुरुवारी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. सिंधू दाराकडं धावली, मी चष्मा शोधत राहिलो. मनतशा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात शहजादीभाभींनी दिलेला लोणच्याचा डबा घेऊन उभी. सिंधूनं तो डबा कपाटावर ढालीच्या जागी ठेवला. ढाल खाली आली, कुठं गेली विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर पोरीनं पर्समधून घडी केलेलं पान काढलं. 'दादांनी सांगितलंय, आधी जेवू दे, मग दे.'

लाल शाई. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालास तेव्हा लाल पेन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आला होतास ना? मग हे कुठलं?

पहिल्या उत्तरावर बरोबरची खूण. दुसऱ्यावर मोठं वर्तुळ, आणि समासात: 'दुसरा लाख एक वर्ष उशिरा भरला. त्याला व्याज एकाच वर्षाचं. ते वर्षभर बजरंग चुलीपुढं उभा राहून तो लाख जमवत होता. ते वर्ष तू हिशेबात धरलंच न्हाई.' तिसऱ्यापुढं: 'रीत बरोबर, आधीच्या चुकीमुळं उत्तर चुकलं.' आणि चौथ्यावर अख्ख्या उत्तरावर आडवी रेघ: 'चूक. शून्य कसा? दुसरा मास्तर तासभर शाल पांघरून बसला होता. भुवया आवळण्याऐवजी हात वर करून विचारता आलं असतं. सत्कार गोड लागला त्याला. पुन्हा सोडवा.'

खाली: दहापैकी सहा. आणि त्याखाली, शाई बदलून, निळ्या पेनानं: 'तोंडी परीक्षा लातूरला.'

हनीफ, मी ते पान पुन्हा वरपासून वाचलं. मला वाटत होतं तू दोन वर्षं माझ्यावर रागावलायस. तू तर स्वतःलाही कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतंस, आणि मला वाटलं तो कोपरा फक्त माझा आहे.

शुक्रवारी पोरगी कामावर आली. रामकिशननं तिला माझ्या शेजारच्या टेबलाशी बसवलं. दुपारी एक गिऱ्हाईक आलं, तरुण शिक्षक, नवी नोकरी. तिनं त्याला पाऊण तास समजावलं. आवाज अगदी सपाट. माझ्या मनात आलं, इथं जरा चढ दिला असता, तिथं थांबली असती. मी जीभ चावून गप्प बसलो. सगळं सांगून झाल्यावर तिनं कागद आपल्याकडं ओढून घेतला, पालथा घातला आणि म्हणाली, 'आता तुम्ही मला सांगा.' तो अडखळला. ती थांबली. पुन्हा अडखळला. ती पुन्हा थांबली, बोटानं टेबलावर काही न वाजवता. शेवटी त्यानं सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. तिनं पेन टोपणात घातलं. 'पुढच्या शुक्रवारी या.' तो उठला आणि जाताना माझ्याकडं वळून म्हणाला, 'मॅडम लई कडक हायत.' मी म्हणालो, 'हाव. त्यांचे दादा यापेक्षा कडक.'

कडुनिंबाची फांदी हलत होती. मला लाकडी भिंतीच्या फटीतून एकोणतीसचा पाढा ऐकू आल्यासारखा वाटला, पण बिनचालीचा, आणि तोही बरा वाटला.

आता दुरुस्ती. पहिल्या लाखाचं दोन वर्षांचं व्याज चौदा हजार, दुसऱ्या लाखाचं एका वर्षाचं सात हजार. एकूण दोन लाख एकवीस हजार. वजा साठ हजार. फरक एक लाख एकसष्ट हजार. हे तीनदा ताडून पाहिलंय. मनतशाला दाखवलेलं नाही, कॉपी केली म्हणशील.

चौथा मात्र मला एकट्याला सुटत नाही, आणि तुलाही एकट्याला सुटायचा नाही. म्हणून काल बजरंगकडं गेलो. त्याला पान दाखवलं. त्यानं चौथा प्रश्न बोट लावून वाचला, मग तुझी लाल शाई वाचली, आणि हसायलाच लागला. 'सर अजून असंच करून राहिलेत?' म्हणाला. येत्या रविवारी तो शिल्पाला भेटायला लातूरला निघालाय. मी त्याच्याबरोबर सकाळच्या एस.टी.नं येतो. दोघं मास्तर समोर बसू, आणि हिस्सा त्याला काढू दे. तो काढेल तो मान्य करायचा, एक पैसाही कमी करून मागायचा नाही.

भाभींना सांग, स्वयंपाक करू नका. बजरंग म्हणतो, चूल मी पेटवतो.

तुझा,
आप्पा